गोजी बेरी कशी आणि किती खावी: चिनी वैद्यकातली पद्धत, नवख्यांसाठी

सुकामेव्याच्या दुकानात आता मनुकांच्या शेजारी दिसणारी लालसर, लांबट, सुरकुतलेली गोजी बेरी चीनमध्ये स्वयंपाकातही वापरतात आणि औषधातही. चीनच्या आरोग्य मंत्रालयाने 2002 साली ‘अन्नही आणि औषधही’ अशा 87 पदार्थांची यादी काढली, तीत ती आहे. गोंधळ होतो तो या दुहेरी नात्यामुळे. खाऊ समजणारा मुठीने खातो, औषध समजणारा मोजून खातो, आणि ज्याने ती तोंडातही घालायला नको तो ‘फळच तर आहे’ म्हणून रोज काढा पितो. म्हणून इथे आधी तपासणी, मग खरेदी आणि शेवटी पेला-पातेलं असा क्रम ठेवला आहे.

फळ नेमकं कोणतं

चिनी औषधकोशात औषध म्हणून मान्य असलेलं फळ एकाच झुडपाचं आहे: लायसियम बार्बारम. चिनी भाषेत त्याला गोउछी म्हणतात. लायसियम चायनेन्स या जवळच्या जातीची फळंही खातात, पण तिचा कोवळा पाला आणि मुळाची साल जास्त वापरात आहे. साल हे वेगळंच औषध आहे. ते ‘थंड’ गुणाचं मानतात आणि अंगातली उष्णता काढायला देतात. फळाऐवजी साल किंवा सालीऐवजी फळ वापरून चालत नाही. झुडूप वांगी-टोमॅटो-मिरचीच्या कुळातलं आहे, हेही लक्षात ठेवा. पुढे अॅलर्जीच्या भागात ते लागेल.

सर्वांत नावाजलेला माल निंगशिया प्रांतातल्या झोंगनिंग तालुक्याचा. पिवळ्या नदीचं पाणी, खारवट-अल्कधर्मी जमीन, दिवसा कडक ऊन आणि रात्री गारठा, असं तिथलं हवामान. छिंगहायमधलं छायदाम खोरं, गान्सू, शिंजियांग आणि आतला मंगोलिया इथूनही भरपूर माल येतो. पाकिटावर ‘हिमालयन गोजी’ किंवा ‘तिबेटी गोजी’ लिहिलेलं असलं, तरी आतलं फळ बहुतेक वेळा याच चिनी शेतांतलं असतं. लडाखची ‘लेह बेरी’ म्हणजे सी बकथॉर्न. तिचा गोजीशी काही संबंध नाही.

विकत घेण्याआधी: ही गोजी तुमच्यासाठी आहे का?

सगळ्यांत गंभीर प्रश्न रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा आहे. वॉरफरिन चालू असेल, किंवा आपल्याकडे जास्त दिलं जाणारं अॅसिनोकुमारॉल चालू असेल, तर गोजी खाऊ नका. चहा नको, काढा नको, रस तर मुळीच नको. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय नोंदीत 61 वर्षांच्या एका चिनी बाईंचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे हे दाखवणारा तपासणीचा आकडा; जितका जास्त तितकं रक्त पातळ) वॉरफरिनवर 2 ते 3 च्या दरम्यान स्थिर होता. गोजीचा दाट चहा दिवसाला 3-4 ग्लास असा चार दिवस घेतल्यावर तो 4.1 झाला. चहा बंद केला, वॉरफरिन एक दिवस थांबवून कमी मात्रेत पुन्हा सुरू केलं, तेव्हा सात दिवसांनी तो 2.4 वर आला. पुढेही अशा नोंदी झाल्या. एका रुग्णाला गोजीचा रस प्यायल्यावर नाकातून आणि गुदद्वारातून रक्तस्राव झाला. वॉरफरिनचं यकृतात विघटन करणाऱ्या यंत्रणेत गोजीमुळे अडथळा येतो, असं यामागचं कारण मानलं जातं. औषध शरीरात साचत जातं आणि रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ होतं. नेहमीची मात्रा तीच असते, त्यामुळे रुग्णाला काही बदललंय असं वाटतही नाही, आणि पुढची आयएनआर तपासणी महिन्याने असली तर मधल्या काळात कळायला मार्ग नसतो.

अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा नव्या प्रकारच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. हृदयाच्या ठोक्यांची लय सांभाळण्यासाठी फ्लेकेनाइड घेणाऱ्यांनीही गोजीपासून लांब राहावं. गोजीच्या चहामुळे हे औषध रक्तात वाढून विषबाधा झाल्याची नोंद आहे.

मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर दोन बाजूंनी बघा. सुकलेल्या गोजीत वजनाच्या जवळजवळ निम्मी साखर असते. दुसरीकडे, तिच्यातले बहुशर्करा घटक (साखरेच्या कणांच्या लांब साखळ्या, साधी साखर नव्हे) रक्तातली साखर थोडी खाली आणतात असं छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. म्हणून सुरू करायची तर डॉक्टरांना सांगून, आणि पहिले दोन आठवडे घरच्या ग्लुकोमीटरवर नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजून. रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत चक्कर येते का, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का, यावर लक्ष ठेवा.

अॅलर्जीचा धोका कोणाला? पीच, टोमॅटो किंवा अक्रोडासारखी कवचफळं खाल्ल्यावर ओठ सुजतात, घशाला खाज येते, अंगावर गांधी उठतात, त्यांना. या फळांत आणि गोजीत सारख्या ठेवणीची प्रथिनं आहेत, त्यामुळे एकाची अॅलर्जी दुसऱ्यालाही ओळखते. स्पेनमध्ये अशा रुग्णांच्या बऱ्याच नोंदी झाल्या आहेत आणि त्यांत जीवावर बेतणारी तीव्र प्रतिक्रियाही आहे.

गरोदरपणात आणि अंगावर पाजताना औषधी मात्रेत घेऊ नका. अवयव प्रत्यारोपणानंतर किंवा संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर टाळा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी थांबवा. आणि मूत्रपिंडाचा आजार असेल, तर ‘गोजी किडनीला चांगली’ या वाक्यावर अजिबात विसंबू नका. तिच्यात पोटॅशियम बऱ्यापैकी असतं आणि चिनी वैद्यकातलं ‘मूत्रपिंड’ म्हणजे डायलिसिसवाल्या डॉक्टरांचं मूत्रपिंड नाही.

अॅट्रोपिन या विषारी द्रव्याची भीती मात्र सोडून द्या. वांग्याच्या कुळातलं फळ म्हणून ती पसरली. 2006 साली चीन आणि थायलंडमधले नमुने तपासले, तेव्हा सर्वांत जास्त सापडलेलं प्रमाण अब्जात 19 भाग होतं. एवढ्याने काही होत नाही.

चिनी वैद्य काय बघतो

औषधकोशात गोजीची ओळख थोडक्यात अशी: रस गोड, प्रकृती सम, म्हणजे उष्णही नाही आणि थंडही नाही, यकृत आणि मूत्रपिंड या मार्गांवर (शरीरातल्या शक्तीच्या वाटांवर) काम, सार म्हणजे शरीराची मूळ शक्ती वाढवणारी, दृष्टी स्वच्छ करणारी. या शास्त्रात यकृत रक्त साठवतं आणि डोळा हे त्याचं द्वार. मूत्रपिंड जन्मजात सार सांभाळतं, आणि कंबर-गुडघे, कान व प्रजननशक्ती त्याच्या अखत्यारीत येतात. म्हणून कोरडे धूसर डोळे, कंबर-गुडघ्यांचा अशक्तपणा, चक्कर, कानात आवाज अशा झिजेच्या तक्रारींत ती देतात. झीज भरणारं औषध आहे. साचलेलं बाहेर काढणारं नाही.

यावरूनच ती कधी खाऊ नये हे ठरतं. पुढच्या काळात चिनी घरांत ती थांबवतात:

ताप, सर्दी, घसा धरलेला असताना. रोग आत असताना भरणारं औषध दिलं तर तो आतच कोंडला जातो, असं मानतात. ताप उतरून तीन-चार दिवस झाले की पुन्हा सुरू करतात.

पोट बिघडलेलं असताना. शौचाला पातळ होतं, जेवल्यावर पोट गच्च होतं, सकाळी आरशात जिभेवर जाड, पांढरट-चिकट थर दिसतो, अशांना गोजी ‘चिकट’ पडते. जुलाब वाढतात. आधी पचन सुधारायचं, गोजी नंतर.

तोंड आलेलं असताना, घोळणा फुटत असताना, चेहरा लाल आणि डोकं तापलेलं असताना. कोशात ‘सम’ लिहिलेलं असलं तरी जास्त खाल्ल्यावर उष्णता वाढते, हा तिथल्या लोकांचा रोजचा अनुभव आहे. आपल्याकडे उष्ण-थंड मानणाऱ्या घरांत हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आधुनिक तपासणीत सर्वांत ठोस काही असेल तर ते डोळ्यांबाबत आहे. गोजीत झियाझॅन्थिन हे पिवळं रंगद्रव्य भरपूर असतं आणि दृष्टिपटलाच्या मध्यभागी तेच साठतं. अमेरिकेत 45 ते 65 वयाच्या 27 निरोगी लोकांवर झालेल्या, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 28 ग्रॅम गोजी आठवड्यातून पाच वेळा, 90 दिवस दिली, तेव्हा या रंगद्रव्याची घनता वाढली. चाचणी छोटी होती आणि लोक निरोगी होते. चष्म्याचा नंबर उतरतो, मोतीबिंदू विरघळतो, काचबिंदू थांबतो, असं त्यातून काहीही निघत नाही. डोळ्यांचे थेंब बंद करून गोजी सुरू करणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

खरेदी: रंगापेक्षा वास आणि देठाकडचा ठिपका

चिनी प्रतवारी दाण्यांच्या मोजणीवर चालते: 50 ग्रॅममध्ये किती फळं बसतात. सर्वोच्च प्रतीत 280 पर्यंत, त्याखालच्या प्रतीत 370 पर्यंत, मग 580 आणि 900. मोठं फळ म्हणजे जास्त औषधी असं नाही, पण पाकिटावर ‘280’ किंवा ‘370’ दिसलं तर त्याचा अर्थ हा.

खरा धोका गंधकाचा. ताज्या फळावर मेणाचा थर असतो, त्यामुळे ते हळू वाळतं. पावसात सापडलं तर काळवंडतं आणि भाव पडतो. म्हणून काही जण ते सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात बुडवतात किंवा गंधकाची धुरी देतात. सप्टेंबर 2024 मध्ये चिनी सरकारी दूरचित्रवाणीने छिंगहायमधल्या गोलमुड आणि गान्सूमधल्या जिंगयुआन इथे हा प्रकार उघड केला. वापरलेलं गंधक औद्योगिक होतं, आणि त्यात आर्सेनिकसारखी अशुद्धी असू शकते. दमेकऱ्यांना तर उरलेल्या सल्फाइटनेही धाप लागू शकते.

दुकानात हे बघा:

1. रंग. नैसर्गिक वाळवलेली गोजी गडद लाल, जराशी मळकट असते आणि सगळे दाणे एकसारखे नसतात. सगळेच दाणे चकचकीत, एकाच छटेचे लालभडक असतील तर ठेवून द्या.

2. देठाकडचा ठिपका. जिथून देठ तुटला तिथे फिकट पांढरट ठिपका असतो. रंग चढवलेल्या मालात तोही लाल होतो.

3. वास. मूठभर दाणे पिशवीत घालून तोंड पाच मिनिटं बंद ठेवा, मग उघडून हुंगा. काडेपेटीची काडी ओढल्यासारखा, नाकात झोंबणारा वास आला तर गंधक आहे. चांगल्या गोजीला मंद गोडसर वास येतो.

4. चव. आधी गोड, शेवटी अगदी किंचित कडवट. आंबट, तुरट किंवा जीभ चुरचुरणारी चव नको.

5. स्पर्श. मूठ दाबून सोडली की दाणे सुटे झाले पाहिजेत. औषधकोशानुसार ओलावा 13 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. गोळा होत असेल तर माल ओला आहे किंवा साखरेच्या पाकातून काढला आहे.

घरी आणल्यावर आणखी एक चाचणी. दहा-बारा दाणे साध्या गार पाण्यात टाका. गोजीचा रंग मुख्यतः तेलात विरघळणारा असतो, त्यामुळे पाणी हळूहळू फिकट पिवळं-नारिंगी होतं. दोन मिनिटांत ते लाल झालं तर कृत्रिम रंगाचा संशय घ्या. निंगशियाचे बरेचसे दाणे पाण्यावर तरंगतात. शिंजियांगचे गोल, जास्त गोड आणि चिकट असतात आणि लवकर तळाशी जातात. तरंगण्यावरून प्रांताचा अंदाज येतो, शुद्धतेचा नाही.

भारतात पाकीटबंद माल घेताना एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक, आयातदाराचं नाव-पत्ता आणि मूळ देश बघा. घटकांच्या यादीत आयएनएस (अन्नात मिसळलेल्या रसायनांचे क्रमांक) 220 ते 228 पैकी काही असेल तर तो सल्फाइट आहे. सुट्ट्या मालात यातलं काहीच कळत नाही, म्हणून पहिली खरेदी सुटी करू नका आणि 100 ग्रॅमच्या वर घेऊ नका. कीटकनाशकांचा प्रश्नही खरा आहे. या झुडपावर मावा आणि कोळी फार पडतात, फवारण्या बऱ्याच होतात, आणि युरोपातल्या तपासण्यांत अवशेष वारंवार सापडले आहेत. सेंद्रिय प्रमाणपत्र असलेला माल महाग असला तरी रोज खाणाऱ्याने तोच घ्यावा.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी एक सूचना. लायसियम बार्बारम तिथे कुंपणांवर रानटी वाढतं, पण त्याच कुंपणांवर लाल फळांची विषारी नाइटशेडची वेलही असते. रानातलं तोडून खाऊ नका.

साठवण

निंगशिया कोरडा प्रदेश आहे. कोकणातला जुलै नाही. गोजीतली साखर हवेतला ओलावा ओढते, दाणे काळे पडतात, एकमेकांना चिकटतात, आंबूस वास येतो. कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून पावसाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा, आणि आठवड्यापुरते दाणे छोट्या डबीत बाहेर काढा. मोठी बरणी सारखी आत-बाहेर केली तर आत दव धरतं. बाहेरचा माल आणल्या आणल्या तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवला तर अळ्यांची अंडी मरतात. बुरशी दिसली तर वरचे दाणे निवडून बाकीचे वापरू नका, सगळं टाका.

किती: ग्रॅम आणि दाणे

औषधकोशातली दिवसाची मात्रा 6 ते 12 ग्रॅम. छोटा डिजिटल काटा असेल तर उत्तम. नसेल तर दाणे मोजा: ‘280’ प्रतीचे 6 ग्रॅम म्हणजे साधारण 34 दाणे, 12 ग्रॅम म्हणजे 67. ‘370’ प्रतीचे अनुक्रमे 44 आणि 89. बारीक, ‘580’ प्रतीचे 70 आणि 139. एकदा मोजून आपल्या चमच्यात ते कुठपर्यंत येतात हे बघून ठेवलं की रोज मोजायला नको.

12 ग्रॅम ही विषाची सीमा नाही. वरच्या चाचणीत लोकांनी 28 ग्रॅम खाल्ले आणि ते ठणठणीत राहिले. पण ते निवडलेले निरोगी लोक होते. नवख्याने 12 च्या आत राहावं. तेवढ्यात साधारण 42 कॅलरी आणि साडेपाच ग्रॅम साखर जाते. मूठभर खाल्ली तर तिप्पट. आणि दिवसभराची बेरीज एकत्र धरा: सकाळचा चहा, दुपारची पेज, रात्रीचं सूप यांत वेगवेगळी टाकली की 12 चे 30 कधी होतात ते कळत नाही.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी सकाळी नाश्त्यानंतर पाच-सहा दाणे, नीट चावून. त्या दिवशी दुसरा कोणताही नवीन पदार्थ किंवा नवीन औषध नको. ओठ, जीभ, घसा, त्वचा यांवर दोन तास लक्ष ठेवा. काही झालं नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 3 ग्रॅम, चौथ्यापासून 6 ग्रॅम. आठवडाभर पोट आणि झोप ठीक राहिली तर पुढच्या आठवड्यात हवं तर 10 ग्रॅमपर्यंत जा. उपाशीपोटी सुरुवात करू नका. काहींना मळमळ होते. रात्री उशिराही नको.

धुणं

वापरायच्या वेळीच धुवा, आधी धुऊन ठेवू नका. रोळीत घेऊन कोमट पाण्याने दोन-तीनदा, प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंद हलकेच हलवून. अर्धा तास भिजत घातली तर विरघळणारी साखर आणि बहुशर्करा पाण्याबरोबर मोरीत जातात.

चावून

सर्वांत सोपी आणि खरं तर सर्वांत चांगली पद्धत. धुतलेले 6 ते 10 ग्रॅम दाणे, सोबत चार-पाच बदाम. झियाझॅन्थिन स्निग्ध पदार्थासोबत जास्त शोषलं जातं, म्हणून बदाम; कोमट दूधही चालतं. सुके दाणे न चावता गिळले तर जसेच्या तसे बाहेर पडतात.

चहा

1. 8 ते 10 ग्रॅम धुतलेली गोजी झाकणाच्या पेल्यात घ्या.

2. पाणी उकळल्यावर गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग 300 मिली ओता. 80 ते 90 अंश पुरेत. खळखळतं पाणी ओतलं तर साली फुटतात आणि पेल्यात लगदा होतो.

3. झाकून 10 ते 15 मिनिटं ठेवा. दाणे फुगून गुळगुळीत झाले की तयार.

4. त्याच दाण्यांवर आणखी दोनदा पाणी घालता येतं. शेवटी दाणे चावून खा.

ही चौथी पायरी लोक हमखास चुकवतात. डोळ्यांसाठी ज्याची आशा धरायची ते रंगद्रव्य पाण्यात उतरतच नाही, ते फळातच राहतं. नुसतं पाणी पिऊन दाणे फेकले तर गोड पाणी प्यायलात, एवढंच.

थर्मासचं बोलायचं तर चीनमध्ये गोजी घातलेला थर्मास ही चाळिशी उलटल्याची खूण समजतात. 2017 मध्ये एका जुन्या रॉक बँडच्या ड्रमवादकाचा हातात थर्मास धरलेला फोटो पसरला आणि अख्ख्या देशाने त्याची चेष्टा केली. चेष्टा सोडली तर अडचण एवढीच की दिवसभर गरम राहिलेली गोजी आंबट होते आणि कोमट झाल्यावर त्यात जंतू वाढतात. तीन-चार तासांत संपवा, रात्री थर्मास घासून उलटा ठेवा.

शेवंतीसोबत

संगणकावर बसून डोळे लाल-कोरडे होतात, त्यांच्यासाठी चिनी घरातली जोडी म्हणजे गोजी आणि वाळवलेली शेवंती. 8 ग्रॅम गोजी, पाच-सहा छोटी फुलं (2 ते 3 ग्रॅम), 400 मिली पाणी, 10 मिनिटं झाकून. शेवंती थंड, गोजी भरणारी. उष्णता होणाऱ्याला हा मेळ एकट्या गोजीपेक्षा मानवतो. ज्यांना थंडाने पोट सुटतं त्यांनी शेवंती घेऊ नये.

यात आपल्यासाठी दोन इशारे. फुलबाजारातली पूजेची शेवंती वाळवून वापरू नका. ती खाण्यासाठी पिकवलेली नसते आणि तिच्यावर मनसोक्त फवारणी झालेली असते. आणि ज्यांना गाजर गवताची, म्हणजे काँग्रेस गवताची अॅलर्जी आहे, त्यांनी शेवंतीच्या वाटेला जाऊ नये. दोन्ही एकाच कुळातली आहेत आणि एकाचा त्रास असलेल्याची त्वचा दुसऱ्यालाही भडकते.

पेजेत आणि सुपात

चिनी सकाळच्या ताटलीतली ‘झोउ’ ही आपल्या कोकण-गोव्याच्या पेजेची सख्खी बहीण. 100 ग्रॅम तांदूळ, एक ते सव्वा लिटर पाणी, मंद आचेवर 40-50 मिनिटं. तांदूळ पूर्ण फुटला की 18 ग्रॅम धुतलेली गोजी घालून आणखी 8-10 मिनिटं. दोन माणसांना प्रत्येकी 9 ग्रॅम होते. साखर घालू नका. गोडवा फळाचाच पुरतो. मधुमेह असेल तर पेज हा प्रकारच सोडा, तिने साखर झटकन चढते.

कोंबडीच्या सुपासाठी हाडांसकट अर्धा किलो तुकडे, दीड लिटर पाणी, आल्याच्या पाच-सहा चकत्या, बी काढलेली चार चिनी लाल बोरं. उकळी आल्यावर वरचा फेस काढा, तासभर मंद शिजू द्या. गोजी 25 ग्रॅम, चौघांसाठी, आणि ती शेवटच्या 10-15 मिनिटांतच. सुरुवातीला टाकली तर तासाभरात विरघळते, रस्सा गढूळ आणि आंबट होतो. मीठ अगदी शेवटी. बोरांची बी ठेवली तर उष्ण पडते असं मानतात, म्हणून ती काढायची. पोट फुगणाऱ्यांनी बोरं दोनच घालावीत.

पालेभाजीतही चालते. पाच मिनिटं भिजवून शेवटच्या मिनिटाला वरून टाका. फोडणीत टाकली तर साखर करपते आणि काळी, कडू भाजी खावी लागते.

जे सुरुवातीला नको

रस आणि कॅप्सूल: एका बाटलीत किती फळ आहे हे कळत नाही आणि रसात वरून साखर असते. रसाच्या जाहिराती 250 च्या वर वर्षं जगलेल्या ली छिंगयुन नावाच्या चिनी माणसाचा दाखला देतात. तो 1933 मध्ये वारला हे खरं. वयाचा पुरावा कुणाकडे नाही.

गोजीची दारू: भातापासून किंवा ज्वारीपासून काढलेल्या कडक दारूत फळं भिजवतात. रोजचा पेग ‘औषध’ म्हणून आत शिरतो, त्यापेक्षा गोजी चावा.

काळी गोजी: लायसियम रुथेनिकम, वेगळी जात. तिचा जांभळा रंग पाण्यात विरघळतो, उकळत्या पाण्यात लवकर मरतो, म्हणून 60 अंशांच्या आतलं पाणी लागतं. पाण्याच्या आम्लतेनुसार तो निळा किंवा जांभळा दिसतो. निळा आला म्हणजे भेसळ असं नाही. औषधकोशातली मात्रा हिला लागू पडत नाही आणि किंमत कित्येक पट असते.

अनेक वनस्पतींचा काढा: गोजी, शेवंती आणि वाळवलेली मुळं यांच्या ठरलेल्या गोळ्या-काढे चिनी दुकानांत तयार मिळतात. सिंगापूर, मलेशियात राहणाऱ्यांना ते सहज हाताशी येतात. त्यात गोजी हा एक घटक असतो आणि बाकीच्यांचे आपापले धोके असतात. नाडी-जीभ बघणाऱ्या नोंदणीकृत चिनी वैद्याशिवाय घेऊ नका, आणि त्याला तुमच्या अॅलोपॅथीच्या गोळ्यांची यादी दाखवा.

बिघडलं तर

पोट सुटलं: बंद करा, पूर्ण बरं झाल्यावर निम्म्या मात्रेत चावून किंवा शिजवून बघा. पुन्हा तेच झालं तर सोडून द्या. तोंड आलं, घशात कोरड, झोप उडाली: तीन-चार दिवस थांबा, मग 5 ग्रॅमवर या आणि दिवसाआड घ्या. अंगावर पुरळ किंवा उन्हात गेल्यावर त्वचा भाजल्यासारखी लाल होत असेल तर कायमची बंद. गोजीने उन्हाची संवेदना वाढल्याचं आढळलं आहे.

ओठ-जीभ सुजणं, श्वासाला घरघर, चक्कर येऊन घाम फुटणं: 108 ला फोन, थांबून बघायचं नाही. हिरड्यांतून रक्त, कारण नसताना निळे डाग, काळी शी, न थांबणारा घोळणा: त्याच दिवशी डॉक्टर आणि आयएनआर. जाताना पाकीट सोबत न्या आणि किती ग्रॅम, किती दिवस, चहा की काढा की रस, हे कागदावर लिहून न्या. ‘चिनी बेरी खाल्ली’ एवढ्यावर डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. ‘लायसियम बार्बारम, रोज 20 ग्रॅमचा काढा, सहा दिवस’ यावरून ते गोळीची मात्रा लगेच बदलू शकतात.